पुढचीने लय द्यायची

१

कयाकला मागचं दाखवणारा आरसा नसतो, ही माझी पहिली तक्रार. मी गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशात ठेवून माझी मान आता तशीच घडली आहे. मागे काय चाललंय ते न कळता पुढे जाणं माझ्या जिवावर येतं.

"मागे मी आहे ना," ताई म्हणाली. "तुला कशाला बघायचंय?"

ताई मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स आहे. तिथले सर्जनसुद्धा तिला विचारल्याशिवाय शिंकत नाहीत म्हणतात. घरी मी 'शेपूट'. लहानपणी तिच्या मागे मागे फिरायचे म्हणून ते नाव पडलं आणि केस पिकायला लागले तरी ते काही सुटलं नाही. गंमत अशी की आता कुठेही गेलं तरी ती मला पुढे घालते, कारण मागे राहिले की मी हरवते म्हणे. मी दिवसभर लोकांना गाड्या कुठे वळवायच्या ते सांगते आणि सुट्टीत ताई मला कुठे वळायचं ते सांगते.

यंदाची सुट्टी डोंगरातल्या जलाशयावर होती. कयाकने पलीकडे जायचं, तिथून रानातून वर चढायचं, वरच्या खोलीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. अलीकडच्या काठावर होडीवाल्यांची शेड होती. निळा पत्रा, खाली उलट्या टांगलेल्या कयाका आणि भिंतीवर एक जुना टेलिफोन. पलीकडे मोबाइलला रेंज नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"दोघींची कयाक अगदी सोपी असते," होडीवाले म्हणाले. "पुढचीने लय द्यायची, मागचीने घ्यायची. पुढची थांबली की मागचीने थांबायचं. पुढचीने ज्या बाजूला वल्हं मारलं त्याच बाजूला मागचीने मारायचं, नाहीतर वल्ह्यावर वल्हं आपटतं. वळवायचं काम मागचीचं. आणि कधी एकटीने चालवायची वेळ आली, तर मागच्या सीटवर बसायचं. पुढे बसलात तर तिचा मागचा भाग उचलला जातो आणि वाऱ्यावर ती नुसती भिरभिरते, काही केल्या सरळ जात नाही."

"म्हणजे हुकूम पुढचीचा?" मी आशेने विचारलं.

"लय पुढचीची. दिशा मागचीची."

"झालं तर मग," ताई म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

२

पाणी इतकं शांत होतं की वल्हं बुडवताना वाईट वाटावं. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला दूर धरणाची भिंत. उजव्या हाताला दोन डोंगरांच्या मधे जलाशयाचा एक फाटा आत शिरला होता. बाकी सगळीकडे ऊन असताना तेवढा फाटा काळा दिसत होता. डोंगराची सावली, दुसरं काय.

माझं वल्हं पडायचं, छप्. मागोमाग, एका श्वासाच्या अंतराने, ताईचं छप्. थोड्याच वेळात लय अशी जमली की मी स्वतःवरच खूश झाले. कयाक सपासप निघाली होती. या वयात ताईच्या दंडात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. इस्पितळात रोगी उचलून उचलून आली असेल.

"ए शेपूट, त्या कड्यावर घरटं बघ," मागून ताई ओरडली. "थांब, हलू नकोस, फोटो काढते."

हलू नकोस म्हणे. मी वल्ही मारतच राहिले. मागचं छप् सुद्धा एकदाही चुकलं नाही. ताईला एकाच वेळी दोन कामं करता येतात, हे तिने आम्हाला जन्मभर ऐकवलं आहे, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

३

वरची खोली पत्र्याची होती. एकावर एक दोन फळ्यांचे पलंग, लोखंडी शेगडी, कपडे अडकवायला खिळ्यांची रांग, खिडकीच्या काचेला गेलेला तडा. आम्ही सूप गरम केलं, पाय शेगडीकडे करून बसलो. मी खांदा चोळायला लागले तशी ताईने बाम पुढे केला.

"लाव. दुखणारच. सगळं तूच ओढलंस."

"तू पण लाव की."

"मला कशाला? मी दोन-चारदा वळवण्यापुरतं वल्हं घातलं असेल. बाकी मांडीवर. म्हटलं, शेपूट आज पेटलीय, कशाला मधे पडा." तिने कॅमेरा माझ्या हातात दिला. "हे बघ, काय काय काढलंय."

मी बघत गेले. कडा, घरटं, उडालेला पक्षी, पाण्यातलं ढगाचं प्रतिबिंब, माझी पाठ, पुन्हा माझी पाठ. फोटोंना अंत नव्हता. ते काढायला दोन्ही हात लागतात आणि मला तर त्या सगळ्या वेळात मागचं छप् ऐकू येत होतं.

"काय झालं गं? पाठ जाड दिसतेय म्हणून रुसलीस?"

"काही नाही," मी म्हटलं.

डोंगरात आवाज परततो. माझंच छप् कड्यावर आपटून परत आलं असणार, किंवा कयाकच्या बुडाला पाणी लागत असणार. मी शिकलेली बाई आहे, इंजिन खोलून परत जोडता येतं मला. असल्या गोष्टींनी मी हबकत नाही. ताई घोरायला लागल्यावरही मी हेच स्वतःला समजावत पडले होते. बाहेर दारापाशी पाणी ठिबकत होतं. धुकं पत्र्यावर जमतं आणि कडेने गळतं, ते तर शाळेतलं पोरही सांगेल. फक्त ते सगळ्या कडेने गळत नव्हतं, एकाच जागी गळत होतं, आणि मधूनच ती जागा थोडी सरकायची.

मी डोक्यावरून पांघरूण घेतलं.

४

सकाळी लख्ख ऊन पडलं आणि मला स्वतःचं हसू आलं. उतरायला सुरुवात केली तेव्हा तर मी गाणंही म्हणत होते. वाट अरुंद, दोन्हीकडे कमरेएवढं रान, पायाखाली वाळलेली पानं. नेहमीसारखी मी पुढे, ताई मागे.

मधे एक ओढा होता. धबधब्याच्या खालीच तो ओलांडायचा, त्यामुळे तिथे स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मी दगडांवरून पाय टाकत पलीकडे गेले आणि चालत राहिले. पाण्याचा आवाज मागे पडला तसा पाचोळ्यावर मागचा पाय पुन्हा ऐकू यायला लागला. माझं पाऊल, मागोमाग तिचं.

मी बोलत होते. विषय भाच्याचा. त्याने नोकरी सोडली त्यात एवढं आकाश कोसळलं नाही, हे ताईला कोणीतरी सांगायला हवंच होतं. ती काही बोलली नाही. ताई गप्प बसली तर दोनच कारणं असतात, ती रागावली आहे किंवा तिला माझं पटलंय. दुसरं अजून घडायचंय.

"बरं, रागव," मी म्हटलं. "पाणी तरी पी." चालता चालता आम्ही बाटली अशीच देतो. मी न वळता बाटली खांद्यावरून मागे धरली आणि थांबले.

मागची पावलंही थांबली.

बाटली कोणी घेतली नाही. मी धरून राहिले. पाठीमागे अगदी जवळ कोणीतरी उभं आहे हे कळतं ना, तसं कळत होतं. "घे की," मी म्हटलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लाइफ जॅकेटला बांधलेली असते ती तिखट शिट्टी, ताईने गळ्यात अडकवलेली. ती वरून आली. लांबून, ओढ्याच्या पलीकडून. पुन्हा वाजली, मग पुन्हा.

आणि बाटली धरलेला माझा हात अजून मागेच होता.

हात ओढून घ्यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मला आजवर कशालाच लागलेला नाही. मग मी वळले. वाट रिकामी होती. कडेला नेच्याचं एक पान हलत होतं, बाकीची स्थिर होती. मी किंचाळत ताईकडे धावले.

५

ताई ओढ्यातल्या दगडांच्या मधे बसली होती. चेहरा पांढराफटक, उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं.

"हाका मारून घसा फुटला माझा," ती म्हणाली. "वळून बघितलंसुद्धा नाहीस."

"मला वाटलं तू मागे आहेस."

"मागे कोण होतं मग?"

"कोणी नाही," मी म्हटलं. तिला काय सांगणार होते?

तिने वाकून स्वतःच्या पावलावर दोन बोटं टेकवली, सरकवली, पुन्हा टेकवली. असं रोग्यांचं करताना मी तिला पाहिलं आहे. तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. आज कळलं.

"नाडी लागत नाही," ती म्हणाली. "सांधा निखळलाय, रक्त अडलंय. पाऊल गार पडायला लागलंय. लवकर कोणी जाणत्याने सरळ केलं नाही, तर हे कापावं लागेल."

"तू सांग, मी करते."

"तू गिअर बदलतेस गं, हाडं नाही. चुकलीस तर आहे तेही जाईल. तू जा. पलीकडून फोन कर."

"तुला एकटीला इथे टाकून?"

"उचलून नेणार आहेस का? रडू नकोस. जा."

मी तिला जॅकेट दिलं, पाणी दिलं, खायचं सगळं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने जन्मात पहिल्यांदा काही न बोलता सगळं घेतलं. ताई घाबरली होती.

मी निघाले. ओढा मागे पडला, पाचोळा आला. मी कान देऊन चालत होते आणि मागे काहीच वाजत नव्हतं. एरवी मला हायसं वाटलं असतं. आता उलट काळजाचं पाणी झालं, कारण ते माझ्या मागे नसेल तर कुठे असेल? वर ताई होती, एकटी, पळता न येणारी. मी पावलं मुद्दाम आपटली. गाणं म्हटलं, भसाड्या आवाजात. "चल की," मी म्हटलं. "मघाशी बरी चालत होतीस. होतास. जे काय असशील ते."

पहिल्या वळणानंतर पाचोळा वाजला. माझ्या पावलामागोमाग, एका श्वासाच्या अंतराने.

असलं काही पाठीला लागल्याबद्दल कोणी देवाचे आभार मानलेत की नाही, ठाऊक नाही. मी मानले. आणि ठरवलं, काय वाटेल ते होवो, मागे वळायचं नाही. मघाशी वळले तेव्हा ते तिथून नाहीसं झालं होतं. पुन्हा नाहीसं झालं तर कुठे जाईल, याचा भरवसा नव्हता. त्याला माझ्याच पाठीवर ठेवायचं होतं.

६

काठावर कयाक होती तशीच होती. शोधणाऱ्यांना जागा लांबून दिसावी म्हणून मी ताईचं वल्हं चिखलात उभं रोवलं आणि त्याला तिचा लाल रुमाल बांधला. मग कयाक ढकलली, आत बसले आणि वल्ही मारायला लागले. वारा सुटला होता, पाण्यावर लहान लहान लाटा होत्या. समोर, पार पलीकडे, शेडचा निळा पत्रा नखाएवढा दिसत होता. कयाकचं नाक बरोबर त्याच्या रोखाने होतं. मस्त चालली होती कयाक. अगदी रेषेवर ठेवल्यासारखी.

बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी पुढच्या सीटवर बसले आहे.

सवय! ज्या जागेवर काल बसले, त्याच जागेवर घाईत जाऊन बसले होते. एकटी असताना मागे बसायचं, हे होडीवाल्यांनी सांगितलं होतं. पुढे बसलात तर वाऱ्यावर भिरभिरते, सरळ जात नाही. आणि वारा आडवा असताना ही सरळ चालली होती.

मागचा भाग उचललेला नव्हता. मागे वजन होतं.

छप्, माझं. आणि मागोमाग दुसरं. ते छप् नव्हतं. दुसरं वल्हं तर काठावर रोवलेलं होतं. हा आवाज मऊ होता, चपटा. पसरलेल्या तळव्याने पाणी मागे ओढलं की येतो तसा.

दातखिळी बसते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. हात मात्र चालत राहिले. मी ताईचं पाऊल डोळ्यांसमोर आणलं. आपल्याला पलीकडे जायचंय, आणि कयाक पलीकडे चालली आहे. ढकलणारं कोण आहे ही चौकशी नंतर करू. मी मनाशी एवढं ठरवते न ठरवते तोच निळा पत्रा नाकासमोरून हलला. जरासा उजवीकडे गेला. मग अजून.

मी उलट जोर लावला. काही उपयोग झाला नाही, वळवायचं काम मागचीचं. नाक डावीकडे जात राहिलं आणि समोर तो काळा फाटा आला. त्यावर लाटा नव्हत्या. वारा इथे एवढा असून तिथलं पाणी निपचित होतं. आणि सावली म्हणाल, तर ऊन आता थेट त्याच डोंगरांवर होतं, तरी ते पाणी काळंच होतं. तिकडून बंद टाकीच्या पाण्याचा वास यायला लागला. मला रडू आलं. मी पोहोचले नाही तर ताईकडे कोणीच जाणार नव्हतं.

रडताना वल्हं हातात थबकलं.

मागे एकदा 'चप्' झालं आणि तेही थांबलं.

मी श्वास रोखला. एकदा वल्हं मारलं, छप्. मागे चप्. थांबले. मागे शांत. दोनदा मारलं, मागे दोनदाच. कयाक लाटांवर डुलत होती आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. काल पाण्यावर, आज रानात, एकदाही ते माझ्या आधी हललं नव्हतं. मी चालले तर चाललं, मी थांबले तर थांबलं, बाटली धरून उभी राहिले तर मुकाट उभं राहिलं. दिशा त्याची असेल, पण लय माझी होती. आणि लय माझी असेल तर बाजूही माझी. पुढची ज्या बाजूला मारेल, त्याच बाजूला मागचीने मारायचं.

अशी माणसं मला नवी नाहीत. स्टिअरिंगला मगरमिठी मारून भलतीकडे गाडी घालणारे रोज भेटतात. त्यांच्यावर ओरडायचं नसतं आणि त्यांना घाबरायचं तर अजिबातच नसतं. आवाज कसा हवा, ते मला पक्कं माहीत आहे.

"हं," मी म्हटलं. आवाज चिरकला. घसा खाकरून पुन्हा म्हटलं. "हं. लक्ष माझ्याकडे. आपण उजवीकडे वळतोय. त्यासाठी वल्हं कुठे मारायचं? डावीकडे. फक्त डावीकडे. मी सांगते तसं."

डावं. मागे काही नाही.

डावं. काही नाही. फाटा जवळ आला होता, नाकाचं टोक त्या निपचित पाण्यात शिरलं होतं.

"मी वाट बघतेय," मी म्हटलं, आणि पुन्हा डावं.

चप्. डावीकडे.

"शाब्बास. परत."

चप्. नाक हललं. काळ्या पाण्यातून बाहेर निघालं. मी मारत राहिले, ते मारत राहिलं, आणि डोंगर समोरून असा सरकत गेला की मला ओरडावंसं वाटलं. निळा पत्रा परत समोर आला. आता दोन्हीकडे, आलटून पालटून. "एक, दोन. एक, दोन. झोपा नाही काढायच्या." मी लय वाढवली. मागून चप् उशिरा आलं, मग धावत आलं. मी अजून वाढवली. खांदे जळत होते, हाताची साल निघाली होती, आणि मला असा आनंद झाला होता म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवरचं कोणीतरी माझं ऐकत होतं.

मध्यावर आलो तेव्हा मला ते ऐकू आलं. लाटांच्या आवाजात आधी लक्षात आलं नाही. माझ्या मानेपाशी कोणीतरी धापा टाकत होतं. ओल्या, खोल, घाईच्या धापा.

"दमलीस? दमलास?" मी म्हटलं. "माझी ताई तिकडे पडली आहे. दमायचं नंतर."

आणि मी लय आणखी वाढवली.

७

होडीवाले धक्क्यावर धावत आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कयाककडे.

"ताई कुठेत? आणि तुम्ही पुढे बसून आलात? या वाऱ्यात? अशी सरळ येतच नाही ही."

"आली," मी म्हटलं. "फोन लावा आधी."

त्यांनी फोन लावला. बचाव पथकाची मोटरबोट धरणाच्या भिंतीपाशीच असते, ती फेस उडवत आली. तोवर मी धक्क्यावर कयाककडे पाठ करून उभी होते. मागे पाणी थोडं हललं. धापा थांबल्या होत्या. ते तिथेच आहे की गेलं, हे मला कळेना, आणि वळायचं तर नव्हतं. मोटरबोट आली तशी मी सगळ्यांच्या आधी उडी मारून बसले. होडीवाले मागून ओरडत होते, हाताला पट्टी तरी बांधा म्हणून.

८

रोवलेलं वल्हं लांबूनच दिसलं. पथकात दोन दणकट गडी होते आणि एक डॉक्टरीणबाई. चढताना मी त्यांना धापा टाकायला लावल्या. ओढ्याचा आवाज यायला लागला तसा मी ताईला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली, ऊर फुटेस्तोवर.

"ऐकू येतंय!" ताई ओरडली. "एवढा वेळ लावलास? सूत कातत होतीस का?"

इतकी गोड शिवी मी ऐकलेली नाही. मी मटकन दगडावर बसले आणि हसत सुटले.

डॉक्टरीणबाईंनी पाऊल दोन्ही हातांत धरलं. ताईने त्यांना कसं धरायचं ते सांगितलं, बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःला हवं तसं केलं. खट्कन आवाज झाला. ताईच्या तोंडून असे शब्द बाहेर पडले की दोन्ही गडी धबधबा बघायला लागले. मग तिने वाकून पावलावर बोटं टेकवली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"लागतेय," ती म्हणाली. "नाडी लागतेय." आणि माझी ताई, जिला मी कधी रडताना पाहिलं नाही, हुंदके देऊन रडली. बघता बघता नखं गुलाबी झाली. पाऊल वाचलं होतं.

असल्या वाटेवर स्ट्रेचर चालत नाही. पथकाकडे पाठीवर बांधायची खुर्ची असते. मोठ्या गड्याने ती पाठीला बांधली आणि ताईला तीत बसवलं, पाठीला पाठ लावून, तोंड मागच्या वाटेकडे. बाकीचे पुढे झाले.

"तू पुढे हो ना," ताई म्हणाली. "मागे राहिलीस की हरवतेस."

"आज मी मागेच."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिने मान डोलावली. आम्ही उतरायला लागलो, ती माझ्याकडे तोंड करून डुलत आणि मी तिच्याकडे बघत. ऊन तिरपं झालं होतं, रानाचा रंग सोन्यासारखा झाला होता. ओढ्याचा आवाज मागे पडला.

पाचोळा वाजला. माझ्या पावलामागोमाग.

ताईची नजर माझ्या चेहऱ्यावरून उचलली गेली आणि माझ्या खांद्यावरून मागे जाऊन थांबली. डोळे मोठे झाले. तिने हात पुढे करून माझं मनगट धरलं, साल निघालेल्या तळव्याला लागलं तरी सोडलं नाही.

"शेपूट," ती कुजबुजली. "वळू नकोस."

"नाही वळत. दिसतंय?"

"हं."

"काय करतंय?"

ताईने बराच वेळ पाहिलं. तिची बोटं गारठली होती, पण आवाज तिच्या कामावरचा होता, रोग्याची खबर द्यावी तसा. "येतंय. मान खाली घालून येतंय. पाय ओढतंय गं. दमलंय ते."

"दमणारच."

"अंगावरून पाणी गळतंय त्याच्या."

"बरं."

"शेपूट, जवळ आहे."

मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण ताई माझ्यासमोर होती, तिचं पाऊल शाबूत होतं आणि मी मधे होते. मी थांबले. मागचा पाचोळा एकदा वाजला आणि थांबला. मी वळले नाही. शिकवणी संपल्यावर गाडी कडेला घ्यायला सांगते, त्या आवाजात म्हटलं, "झालं आता. इथेच थांबायचं."

पुढचे चालत होते, खुर्ची दूर जात होती, आमचे हात ताणले गेले होते. मी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग तिसरं.

"थांबलं," ताई म्हणाली. "तिथेच उभं आहे. आपल्याकडे बघतंय."

"बघू दे," मी म्हटलं, आणि तिच्या मागोमाग वळण उतरले. माझ्या मागे एकही पान वाजलं नाही.